चार रुपयांची पेंडी, वीस रुपयांची पेंडी



बरेच दिवस पेजवर काही लिहिलं नाही. जानेवारीत कांद्याची काढणी, मग ज्वारीची राखण, आणि मधेच घरात थोरलीचं दुखणं निघालं. आज लिहितोय ते कुठल्या फवारणीबद्दल नाही. भाजी पिकवण्याबद्दल पण नाही. भाजी विकत घेण्याबद्दल आहे. शेतकऱ्याच्या पेजवर हा विषय कशाला, असं काहींना वाटंल. पण गावातल्या शंभरातल्या साठ घरांत आज भाजी विकतच येते, हे आधी मनातल्या मनात कबूल करा आणि मग पुढं वाचा.

आमचं गाव मोहोळ तालुक्यात. तीन एकर ऊस, दोन एकर कांदा, अर्ध्या एकरात मेथी, शेपू, कोथिंबीर, आलटून पालटून. थोरली सोलापूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पूर्व भागात तिघी पोरींनी मिळून एक खोली घेतलीय, स्वयंपाक हातानंच करतात. डिसेंबरात त्यांच्या कॉलेजात सगळ्या पोरींचं रक्त तपासलं. आमच्या हिचं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. बाईमाणसाला १२ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात, ते आता हिच्याच पुस्तकात लिहिलेलं असतंय. जिना चढताना धाप लागायची, ते तिनं आम्हाला दिवाळीपासून सांगितलंच नव्हतं.

तिची आई फोनवरच रडायला लागली. मी विचारलं, "जेवतीस काय तू?"

"जेवते की आप्पा. सकाळी पोहे, डब्यात चपाती न् बटाटा, रात्री भात-आमटी."

"पालेभाजी?"

"मेथी वीस रुपयाला एक पेंडी हाय आप्पा. तिघींना एक पुरत नाही. दोन आणल्या तर चाळीस रुपये एका वेळच्या भाजीला. त्यापेक्षा बटाटा बरा पडतोय."

मी गप्पच झालो. त्याच दिवशी पहाटे आमची मेथी मार्केट यार्डात गेली होती. २०० पेंड्या, शेकडा ४०० रुपयानं. म्हणजे पेंडीला चार रुपये. पट्टी ८०० ची. हमाली, तोलाई आणि टेम्पोभाडं मिळून २४० गेले, राहिले ५६०. त्यातनं उपटायला न् बांधायला दोन बायका अर्धा दिवस, ३०० रुपये. हातात २६०. बी, पाणी, खत आणि माझी सकाळ धरलीच नाही. हैदराबाद रोडचं मार्केट यार्ड आणि लेकीची खोली यात दोन-तीन किलोमीटरचं अंतर. तेवढ्या अंतरात चाराची वीस झाली होती, आणि माझ्याच पोरीला ती परवडत नव्हती.

राग आला, खोटं बोलत नाही. पहिला राग गल्लीतल्या गाडीवाल्यावर. तो किती बरोबर होता ते पुढं येईलच.

आधी दवाखान्याचं सांगतो. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. ८.४ वर आलेलं रक्त नुसत्या भाजीनं भरून निघत नाही, गोळ्या लागतातच, आणि कुणी दुसरं सांगितलं तर ऐकू नका. पण गोळ्या संपल्यावर परत तेच बटाटा-भात असंल तर सहा महिन्यांनी परत तीच चिठ्ठी. आणि ही एकट्या आमच्या घरची गोष्ट नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांमागं ५७ जणींचं रक्त कमी निघालं होतं. आपल्या महाराष्ट्रातपण ५४ च्या वर.

गावातल्या प्रत्येकानं सल्ला दिला, "डाळिंब चारा." डाळिंबवाल्या मित्रांनो, रागावू नका. आपल्या सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, सगळा अभिमान आहे. फळ चांगलंच आहे. पण दाणा लाल म्हणून रक्त वाढतंय असं नसतंय, डाळिंबात लोह अगदी थोडं असतं. त्या पैशात मेथी, राजगिरा, तांदुळजा, शेवग्याचा पाला आणि वर लिंबू पिळलं तर जास्त उपयोग. लिंबू, पेरू यातलं क जीवनसत्त्व भाजीतलं लोह अंगी लागायला मदत करतं. आणि जेवणावर लगेच चहा प्यायला की तेच लोह वाया जातं. हे मला माझ्या लेकीनंच शिकवलं. तिला माहीत सगळं होतं. पैशाचं गणित जमत नव्हतं.

तर मी ठरवलं, गणित करायचं. कांदा भरून झाला होता, म्हणून आठवडाभर सोलापुरात पाहुण्याकडं मुक्काम ठोकला. बरोबर आमचा डिजिटल काटा घेतला, बियाणं मोजायचा, आणि एक वही.

आधी लागतं किती ते बघितलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात मोठ्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या, पालेभाज्या धरून, आणि १०० ग्रॅम फळं सांगितलीत. तिघींना आठवड्याला ८ किलो ४०० ग्रॅम भाजी आणि २ किलो १०० ग्रॅम फळं. एकूण साडेदहा किलो. पोरी दर आठवड्याला प्रत्येकी १०० रुपये भाजीच्या डबीत टाकतात. ३०० रुपयांत साडेदहा किलो म्हणजे किलोला साडेअठ्ठावीस रुपये पडले पाहिजेत. फळं धरून. कांदा, डाळी, पीठ आमच्या घरून जातं, ते यात नाही.

साडेअठ्ठावीस हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर मोठा लिहिला. आणि एक अट घातली, ती सगळ्यात महत्त्वाची. वजन घेतल्यावरचं धरायचं नाही, निवडल्यावरचं धरायचं. देठ, मूळ, माती, पाणी, साल, किडकं काढून जे पातेल्यात पडतं तेच वजन. आपण विकताना मुळासकट विकतो, खाणारा मुळं खात नाही.

सुरुवात दारावरच्या गाडीपासून. वीस रुपयांची मेथीची पेंडी काट्यावर ठेवली, ३०० ग्रॅम. निवडून पानं निघाली १५० ग्रॅम. म्हणजे पानाचा भाव पडला किलोला १३३ रुपये! वाटाण्याचं तसंच. पन्नास रुपये किलोचा वाटाणा सोलल्यावर अर्ध्यापेक्षा थोडा कमीच राहतो, म्हणजे दाणा शंभराच्या पुढं गेला. कोबी उलट. वरची दोन पानं न् दांडा सोडला तर सगळा पोटात. दुधीपण तसाच. फ्लॉवर फसवा, पाल्यासकट तोलला तर निम्मा बाहेर जातो. फळांत केळीची साल एक तृतीयांश जाते, पेरूचं काहीच जात नाही. आणि क जीवनसत्त्व बघितलं तर पेरू संत्र्याच्या तीन-चार पट. पोरींच्या वहीत गरिबाचं फळ कुठलं तर पेरू.

गाडीवरनं ३०० रुपयांची भाजी घेतली तर निवडून साडेचार किलो भरली. फळ एकही नाही. पाहिजे त्याच्या निम्मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लक्ष्मी मंडई. मंडईचं एक आहे, तिथं फिरायला पाहिजे. पहिल्याच गाळ्यावर घेतलं की फसला. एका फेरीत टोमॅटोचे तीन भाव ऐकले. सोलापूरची मंडई म्हणजे तीन भाषांचा बाजार. अंबाडीला मराठी बाई अंबाडी म्हणती, कानडी बाई पुंडी म्हणती, आणि तेलुगू बाई गोंगुरा. भाजी एकच. एक पोरगं मला बघून म्हणलं, "काय बघलालाव काका, घ्या की!" मी म्हणलं मी विकणारा हाय. ते हसलं, "मग वजनाला हात लावू नका."

मंडईत रात्री आठनंतर भाव पडतात, हे सगळ्या सोलापूरला ठाऊक आहे. मला वजन बघायचं होतं. आठ वाजता मेथीच्या तीन पेंड्या वीस रुपयाला आल्या. जरा मलूल, पाणी मारून उभ्या केलेल्या. प्रत्येकी २५० ग्रॅम. तिन्हीची मिळून पानं निघाली ३९० ग्रॅम, म्हणजे किलोला ५१ रुपये. गाडीच्या निम्म्याहून कमी. पण रात्री आठला पोरींनी मंडईत जायचं, साडेनवाला परत, ते आमच्या हिच्या आईला पटलं नाही. मलापण. स्वस्ताईचा हिशोब करताना हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला समजलं नाही, म्हणून नुसतं "नको" असं लिहिलं.

मोठ्या दुकानाचंपण सांगतो, म्हणजे एसीतल्या. मी तिथं चप्पल काढून जावं का असल्या विचारात गेलो होतो. खोटं कशाला बोला, काही गोष्टी तिथं स्वस्त होत्या. योजना लागलेल्या दिवशी बटाटा आणि टोमॅटो मंडईपेक्षा दोन-तीन रुपयांनी कमी. काटा चोख, निवडून घ्यायला आडकाठी नाही, कुणी खेकसत नाही. पण पालेभाजी महाग आणि शिळी. आणि भाजीला गेलेली पोरगी भाजीबरोबर बिस्किटाचा पुडा घेऊन येते, दुकान मांडलेलंच तसं असतंय.

मंगळवारी मंगळवार बाजार केला. हा मला सगळ्यात पटला. मोठ्या व्यापाऱ्यांच्या ओळी सोडून कडेला जायचं, जिथं पोतं अंथरून दोन-तीनच जिन्नस घेऊन बाया बसलेल्या असतात. आसपासच्या गावातनं आलेल्या, स्वतःच्या रानातलं घेऊन. ओळखायची खूण सांगतो. ज्याच्यापुढं पंधरा प्रकारची भाजी रचलीय तो विकत आणून विकणारा. ज्याच्यापुढं मेथी, हरभऱ्याची भाजी आणि चार दुधी आहेत तो पिकवणारा. त्याच्या हाताची नखंपण बघा.

तिथं मेथीच्या दोन पेंड्या पंधरा रुपयाला. प्रत्येक पेंडी ४५० ग्रॅम, मुळाला अजून ओली माती. दोन्हीची पानं ४६० ग्रॅम. किलोला ३३ रुपये पडले. गाडीवर १३३, इथं ३३! आणि त्या बाईला पेंडीमागं साडेसात मिळाले, मला यार्डात चार. दोघांचंही भलं झालं. मी वहीत दोनदा रेघ मारली.

पोरींबरोबर त्या दिवशी पूर्ण बाजार केला. कोबी दोन किलो ३० ला, टोमॅटो दोन किलो ४० ला, वांगी किलोभर ४०, गाजर किलोभर ३०, सव्वा किलोचा दुधी २०, मेथीच्या चार पेंड्या ३०, शेपूच्या दोन दहा रुपयाला, कोथिंबीर १०, लिंबं सहा दहाला आणि पेरू दीड किलो ६० ला. सगळे मिळून २८० रुपये. खोलीवर येऊन निवडलं, तोललं. साडेनऊ किलोला थोडं कमी. किलोला जवळजवळ तीस रुपये. साडेअठ्ठावीसला अगदी टेकलो होतो. थोरलीनं काट्यावरचा आकडा बघून वही माझ्या हातातनं घेतली, आणि बेरीज परत केली. विश्वास बसंना.

पण लगेच फुशारकी नको. जाऊन-येऊन रिक्षाचे ४० रुपये, ते धरले की ३२०. तिघी गेल्या तर १२०, सगळी बचत रिक्षात. म्हणून पाळी लावली, एकीनंच जायचं. आणि फ्रिज नाही. साडेनऊ किलो भाजी बिनफ्रिजची आठवडाभर ठेवायची म्हणजे क्रम लागतो. मंगळवार-बुधवारी पालेभाजी संपवायची, कोथिंबीर ओल्या फडक्यात. गुरुवार-शुक्रवारी वांगी, पिकलेले टोमॅटो. शनिवारनंतर गाजर, दुधी, शेवटी कोबी. टोमॅटो घेताना निम्मे लाल, निम्मे कच्चे घ्यायचे. हे आपल्या बाया घरी करतातच, पोरींना कुणी सांगितलं नव्हतं. एक अपवाद लिहून ठेवा, भोगीच्या आदल्या दिवशी बाजाराला जाऊ नका. गाजर, वांगी, पावटा, हरभरा सगळ्याला आग लागलेली असते. भोगीची भाजी करायची असंल तर दोन दिवस आधीच घेऊन ठेवायची.

मग माझ्या डोक्यात यार्डाचं खूळ शिरलं. एवढी जवळ खोली, तर थेट लिलावातनंच का घेऊ नये? पहाटे लेकीला घेऊन गेलो. तिनं पहिल्यांदा लिलाव बघितला. बाप ज्या मालाला चार महिने जपतो तो अर्ध्या मिनिटात जातो, हे बघून ती जरा गप्प झाली. तिथं कमी माल मिळतच नाही. पाला शेकड्यावर, टोमॅटो क्रेटवर. तरी हट्टानं २२ किलोचं एक टोमॅटोचं क्रेट घेतलं, २५० ला. साडेअकरा रुपये किलो! त्यांच्या इमारतीतल्या तीन खोल्यांत नऊ पोरी, नऊ जणींत वाटून घ्यायचं ठरलं. घेतलं खरं. पण खालचा थर फुटका निघाला, वाटणीवरनं दोन खोल्यांत दोन दिवस बोलणं बंद, आणि चौथ्या दिवशी उरलेल्या टोमॅटोला चिलटं. माझा सल्ला होता, त्यामुळं मीच चूक कबूल केली. स्वस्त घेतलं आणि टाकलं, तर ते स्वस्त नसतंय.

आता त्या गाडीवाल्याचं. गाडीवाला नव्हेच, गल्लीच्या तोंडावर बसणारी एक तेलुगू मावशी. माझा राग अजून उतरला नव्हता. रविवारी गावाकडनं ६० पेंड्या मागवल्या आणि मीच गल्लीत पोतं टाकून बसलो. भाव दहा रुपये पेंडी. म्हणलं बघू कोण वीसनं घेतंय. आता कायद्यानंपण आडकाठी नाही. २०१६ ला राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातनं मोकळा केला. त्याच वर्षी संत सावता माळींच्या नावानं शेतकरी आठवडे बाजारांचं अभियानपण निघालं. सावता महाराज आपल्याच जिल्ह्यातले, माढा तालुक्यातल्या अरणचे. मळ्यातच विठ्ठल बघणारा माणूस.

मावशी भांडंल असं वाटलं होतं. तिनं तिची छत्री थोडी माझ्याकडं सरकवली. "उन्हात नको ठेवू अण्णा, जळतंय."

सकाळी सात ते अकरा बसलो. पहिल्या दीड तासात ३० गेल्या, मी मनात हवेत. मग ऊन चढलं. पानं कडेनं वळायला लागली. मी पाणी मारलं, मुळाची माती विरघळून पेंडी काळी दिसायला लागली. येणारी बाई हातात घेऊन ठेवून द्यायची. अकरापर्यंत ४१ गेल्या, ४१० रुपये. उरल्या १९. त्यातल्या सात मावशीच्याच ओळखीच्या बाईला तीन-तीन रुपयानं दिल्या, २१ रुपये. बारा पेंड्या गल्लीतल्या गाईपुढं. चार तासांत ४३१ रुपये, आणि त्यातनं टेम्पोचे ६० जायचे.

मावशी हे सगळं न बोलता बघत होती. शेवटी तिनंच हिशोब सांगितला. पहाटे चारला उठायचं, यार्डातनं माल, रिक्षाला १५०. भांडवल उसनं, सकाळी हजार रुपये म्हणून नऊशे हातात मिळतात, संध्याकाळी हजार परत द्यायचे. रोजचे शंभर व्याजाचे! शंभरातल्या पंधरा-वीस पेंड्या रोज टाकायच्या. आणि हो, दोन पेंड्या सोडून तीन बांधते, ते तिनं माझ्या तोंडावर सांगितलं. "वीसला बांधले तर घेतेत. तीसला मोठी ठेवली तर कोण घेत नाही. मग काय करू?" दिवसाला तीन-चारशे राहतात. तिची सून विड्या वळती. तिच्या घरात मेथी होती का, ते मी विचारलं नाही.

त्या दिवसापासनं मी तिच्यावर रागावायचं सोडलं. ऑक्टोबर २०२४ ला रिझर्व्ह बँकेच्या एका अभ्यासनिबंधात आलं होतं की टोमॅटो, कांदा, बटाट्याला गिऱ्हाईक जो रुपया देतं त्यातले शेतकऱ्याला ३३ ते ३७ पैसे मिळतात. वाचल्यावर वाटतं बाकीचे ६३ ते ६७ पैसे कुणीतरी एकटा गिळतोय. तसं नसतंय. त्यातले काही हमालाचे, काही डिझेलचे, काही व्याजाचे, काही गाईच्या पोटात गेलेल्या बारा पेंड्यांचे. नफेखोर नाहीत असं म्हणत नाही, आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा ५१२ किलो कांदा सोलापुरात विकला गेला आणि सगळा खर्च वजा जाता हातात २ रुपये ४९ पैसे राहिले, ती बातमी देशभर गाजली होती. भाव किलोला एक रुपया होता. तो कांदा त्या दिवशी कुठल्या गल्लीत एक रुपयाला मिळाला का? नाही मिळाला. पण त्या गल्लीतल्या छत्रीखालच्या बाईला धरून त्याचं उत्तर मिळत नाही, एवढं मला चार तासांत कळलं.

आणि तिच्याच एका वाक्यानं पुढचं सुचलं. ती म्हणली, "तुझा टेम्पो रोज येतोय नव्हं यार्डाला? मग पोरीला का नाही देत?"

खरंच की! रोज पहाटे आमच्या गावातनं टेम्पो यार्डात जातो, आणि माझ्या डोक्यात हे कधी आलंच नाही. कारण मेथी म्हणजे यार्डाचा माल, असं डोक्यात पक्कं बसलेलं. घरच्या भाजीलापण आपण आठवडी बाजारात जातो. आमच्या तालुक्यातला टोमॅटो सोलापूरच्या यार्डात जातो, तिथनं व्यापारी घेतो आणि आमच्याच गावच्या बाजारात परत आणून विकतो. दोन्ही वेळचं भाडं आपणच देतो. आमच्या आईच्या काळी न्हाणीच्या पाण्यावर अळू, दोडका, घेवडा, दाराशी शेवगा असायचा. येळवशीच्या भज्जीला लागणारं निम्मं घरच्या रानातनंच निघायचं. ऊस आला, तणनाशक आलं, बांधावरचा तांदुळजा न् चाकवत दोन्ही गेले.

फेब्रुवारीपासनं मेथीच्या रानातला दीड गुंठा बाजूला काढलाय. पाला, वांगी, टोमॅटो, दोडका, गवार, भेंडी, कडेला राजगिरा. दर मंगळवारी आणि शनिवारी टेम्पोवर एक पोतं जातं. टेम्पोवाला ३० रुपये घेतो, पोरी सहाला यार्डाच्या गेटवरनं उचलतात. पहिल्यांदा त्यांच्या एका खोलीपुरतं होतं. मग बाकीच्या दोन खोल्या म्हणल्या आम्हालापण. आता नऊ जणींचं जातं, आम्ही मंगळवार बाजारातल्या कडेच्या बाईचा भाव लावतो. तिचा भाव थोरली फोन करून सांगते, त्यामुळं आम्ही मनानं वाढवत नाही. आठवड्याला खर्च जाऊन सहा-साडेसहाशे सुटतात. मोठी रक्कम नाही. पण तेवढ्याच मेथीचे यार्डात किती आले असते ते वर लिहिलंय. एप्रिलच्या उन्हात पाला टिकत नाही, दोनदा पोतं उघडलं तर आत वाफ धरलेली. आता गोणपाट ओलं करून रात्री बांधतो. उन्हाळ्यात कोबी-गाजर आमच्याकडं येत नाही, पेरू तर नाहीच. ते त्या मंगळवार बाजारातनंच घेतात. आणि मधेच एखादी पेंडी लागली तर मावशीकडनं, वीस रुपयाची. त्याला आता कुणी नाक मुरडत नाही.

परवा परत रक्त तपासलं. १०.९. गोळ्या अजून दोन महिने चालू ठेवायच्यात.

काल रात्री फोन आला. आम्हाला वाटलं काय झालं. थोरली म्हणती, "आप्पा, शेपू पाठवू नका. तीन आठवडे झाले, नऊ जणीत कुणी खाईना. मी एकटीच खातेय." मागनं दुसऱ्या पोरी हसत होत्या. "चुका पाठवा. एक तेलुगू मैत्रीण हाय, ती डाळीत घालून करती."

तर मंडळी, चुक्याचं गावरान बी पाहिजे. पाकिटातलं नको, घरी धरलेलं. मोहोळ, उत्तर सोलापूर, पंढरपूरकडं कुणाकडं असंल तर कळवा. पावशेर पुरे, बदल्यात मेथीचं बी देईन. आणि उन्हाळ्यात पोत्यातल्या पाल्याला वाफ धरू नये म्हणून तुम्ही काय करता, तेही सांगा.